एका बैलाचा पोळा

गोमतीबाईंनी गोठ्यातून बैल बाहेर काढला, तेव्हा धाकटे दीर रामराव ओट्यावरच बसले होते.

"वहिनी, एका बैलाचा पोळा नसते. नदीवर साऱ्यायच्या जोड्या आल्या. उद्या तोरणाखालीही जोड्याच राह्यतीन. तुमी एकट्या बाई, हा एकटा बैल. लोकं हासतीन."

"आज आंघोळ तं करू द्या त्याले."

"घाटावर जागा नाही."

"घाट तुमचा ठेवा, भाऊजी. पाणी दुसरीकडं हाय."

शेजारची स्नेहा दारातून ऐकत होती. मुलगी मराठीत एम.ए. झालेली. तिने चपला घातल्या आणि मागोमाग निघाली.

या बैलाचा, खैऱ्याचा, जोडीदार उन्हाळ्यात मेला. तेव्हापासून खैऱ्या रामरावांच्या जोडीतल्या एका बैलासोबत जुंपला जाई. रामरावांच्या शेतातली डवरणीही, पिकाच्या ओळींमधली कोळपणी, त्यानेच ओढली होती.

काटेपूर्णेच्या खोऱ्यात, जंगलातून जाणाऱ्या सडकेला लागून, पावसाळ्यापुरता एक धबधबा पडतो. तिथे मोटरसायकली उभ्या होत्या. स्पीकर वाजत होता. पाण्याखाली पोरं नाचत होती.

"ओ आजी, बैल कायले आणला? पाणी घाण होईन ना!"

"तुमी उतरले तवाच झालं ते."

पोरं हसली. सरकली मात्र.

आणि खैऱ्याच अडला. जन्मभर नदीत पोहलेला बैल. वरून कोसळणारं पाणी त्याने पाहिलंच नव्हतं. त्याने चारही पाय रोवले.

"घ्या! बैलच नाही म्हणून राह्यला!" पोरांतून कोणी ओरडलं.

 कोरडा बैल परत नेला तर रामराव काय म्हणतील, हे स्नेहाला ऐकूच येऊ लागलं.

गोमतीबाईंनी दोर तिच्या हाती दिला. पदर कमरेला खोचला. डोक्यावर मोळी घेऊन त्या या सडकेने कितीदा गेल्या होत्या. बाईमाणसाने चारचौघांत भिजू नये म्हणून पाण्याकडे कधी वळल्या नव्हत्या. आता सरळ धारेखाली जाऊन उभ्या राहिल्या. लुगडं अंगाला चिकटलं. पोरांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"ये रे बाप्पा. पाणीच हाय."

खैऱ्याने मान खाली घातली आणि निघाला. दोर धरलेली स्नेहाही ओढली गेली.

गोमतीबाईंनी त्याला गवताच्या बोळ्याने घासलं. जुवाने सोललेल्या खांद्यावर मात्र नुसता तळवा फिरवला. कोणीतरी स्पीकर बंद केला. एकाने मोबाइल वर केला.

"फोटो मंग काढजो. आधी बाजूले व्हय, पाय पडीन त्याचा."

परतताना स्नेहाने विचारलं, "काकू, उद्या तोरणाखाली उभं नाही राहू दिलं तर?"

"कोन नाही राहू देनार? ज्यायच्या वावरात यानं डवरं ओढलं ते?"

घाटाची वाट सोडून जाता आलं असतं. गोमतीबाईंनी बैल तिकडेच वळवला. रामराव पाण्यात उभे होते, हातात घासणी. दोघी बायका चिंब, बैल चिंब, अंगावरून थेंब गळत. कोणी हसलं नाही.

"भाऊजी," गोमतीबाई म्हणाल्या, "उद्या तोरणाखाली मधली जागा ठेवजा. खैऱ्याच्या एका अंगानं मी राहीन, एका अंगानं हे पोरगी."

स्नेहाला हे आधी कोणी विचारलं नव्हतं. तिने ओल्या दोराचा हाताला आणखी एक वेढा दिला.