तीन चाकांचे ब्रेक

लष्कराने मला बावीस वर्षांत नऊ पोस्टिंगं दिली. दहावं मी स्वतः मागून घेतलं: रामनगर, तालुका जोयडा. हवालदार, व्हेइकल मेकॅनिक, पेन्शनवर. ड्युटी म्हणाल तर सकाळी चहा, दुपारी चहा आणि मधल्या वेळात स्वतःच्या गाडीखाली आडवं पडून राहणं.

गाडी म्हणजे लष्कराने लिलावात काढलेली जुनी वन-टन, छोटा ट्रकच. आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. तिचा हॉर्न दिला की कॅसलरॉकला मालगाडी सिग्नल नसताना थांबायची. एका वर्षी उळवीच्या जत्रेला तिच्यातून एकशे वीस माणसं आणि एक बैल नेला. बैलाने उतरताना माझ्याकडे वळून मान हलवली. ज्याला हे खोटं वाटतं त्याने बैलाला विचारावं.

अशा गोष्टींवर सगळं रामनगर हसायचं. एकच माणूस हसायचा नाही. नायक फोंडू वेळीप. ड्रायव्हर. आम्ही एकाच युनिटमध्ये सहा वर्षं काढली, मी गाड्यांच्या खाली आणि तो गाड्यांच्या आत. गोष्ट संपेपर्यंत तो विडी ओढत ऐकायचा आणि शेवटी एवढंच म्हणायचा, "मग?"

फोंडूची वाडी सुपा धरणाच्या पाण्याच्या पलीकडे, रानात. चौदा घरं. डांबर संपलं की नऊ किलोमीटर लाकूडतोडीची जुनी वाट, तीही झाडोऱ्यात बुजलेली. वाडीत कुणी आजारी पडलं की बांबूला घोंगडी बांधायची, त्यात माणूस घालायचा आणि चौघांनी खांद्यावर घेऊन निघायचं. फोंडूची वहिनी बाळंतपणात अशीच निघाली होती. चौथ्या किलोमीटरला चौघांनी बांबू खाली ठेवला.

पेन्शनवर आल्यावर फोंडूने वाडीची बैठक बोलावली. म्हणाला, सगळे मिळून वाट साफ करू, गाडी येईल. म्हातारी मंडळी म्हणाली, "एकदा केली व्हती साफ. गाडी आली न्हाई. तू आधी गाडी आणून दाखव, मग आम्ही कुदळी काढतो."

एवढीच अट होती. एक गाडी एकदा वाडीत पोचली पाहिजे.

आमचे रिटायर्ड सुभेदार गावडे साहेब यांनी फॉरेस्टची परवानगी काढली. त्यांच्या ओळखीची बेळगावची तीन हौशी मंडळी नवी जीप घेऊन येणार होती. त्यांना रानवाटेची मजा हवी होती, फोंडूला वाडीत गाडी हवी होती. तारीख ठरली. पाऊस संपून पंधरा दिवस झाले होते. म्हणजे कागदावर संपला होता. आमच्याकडे तो झाडांवरून आणखी महिनाभर गळत असतो.

तयारीला तीन दिवस घेतले.

पहिल्या दिवशी तेलं. मागच्या डिफरन्शियलचा नट काढला तर आतून तेलाऐवजी दुधाचा चहा आला. पाणी शिरलं होतं. सगळं धुतलं, नवं भरलं. चारही बेअरिंगांना ग्रीस दिलं. स्प्रिंगचे यू-बोल्ट आवळताना एक तुटला, माझ्या मनगटाएवढा. बदलला.

दुसऱ्या दिवशी ब्रेक. रबरी नळ्या चारही नव्या घातल्या, चाकांतले वायसर नवे घातले. लोखंडी पाईप मात्र जुनेच ठेवले. पॉलिश पेपरने गंज काढला, बोट फिरवून पाहिलं, ठीक वाटले. तिच्या जमान्याच्या गाडीत ब्रेकची लाईन एकच असते. कुठेही गळली तरी चारही चाकं मोकळी होतात. हे मला ठाऊक होतं. मेकॅनिकला सगळंच ठाऊक असतं, त्याचा उपयोग किती होतो तो भाग वेगळा.

तिसऱ्या दिवशी ट्रायल. रेल्वे गेटच्या उतारावर पहिला गियर एकदा निसटून न्यूट्रलला आला. फोंडूने ब्रेक दाबला, गाडी उभी राहिली.

"गियर उडी मारतोय," मी म्हणालो. "बॉक्स खोलावा लागेल. चार दिवस."

"चार दिवसांत बेळगावची माणसं परत जातील."

"मग?"

"गुडघ्यानं दाबून धरतो. आयुष्यभर दुसरं काय केलंय?"

आमच्या वर्कशॉपमध्ये एक रिवाज होता. दुरुस्त झालेल्या गाडीच्या बॉनेटवर मेकॅनिक खडूने 'फिट' लिहायचा, आणि ज्याने लिहिलं त्यानेच पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. सही करून घरी जायचं नाही. या रिवाजामुळे आमच्या वर्कशॉपमध्ये आळशी मेकॅनिक एकही नव्हता. जे होते ते सगळे धार्मिक झाले होते.

मी खडू घेतला आणि फिट लिहिलं.

सकाळी सहाला रामनगर सोडलं. म्हातारीत फोंडू, मी, कुऱ्हाडी, दोरखंड, फावडी. मागच्या जीपमध्ये साहेब आणि बेळगावकर. दोन वॉकी-टॉकी सेट होते. इथल्या काळी नदीवरून साहेब काळी वन, आम्ही काळी टू. साहेबांना पेन्शनवर येऊन अकरा वर्षं झाली होती, पण सेट हातात आला की पाठ सरळ व्हायची.

सव्वानऊला डांबर संपलं. आत शिरलो आणि उजेड निम्मा झाला. वर झाडं जुळलेली, खाली तांबड्या चिऱ्यावर ओल्या पाल्याचा थर. एरवी मी सांगितलं असतं की इथल्या जळवा हवालदाराचं रक्त ओळखतात आणि सॅल्यूट करून चिकटतात. त्या दिवशी मला बोलावंसं वाटलं नाही. पक्ष्यांचा आवाज नव्हता. मधून मधून उतरून आडवी झाडं तोडत होतो. दोनदा वाटेची कड चाकाखाली खचली आणि थांबली. फोंडू एकदाच बोलला.

"आईक. ढोल."

खूप खालून आवाज येत होता. वाडीला इंजिन ऐकू गेलं होतं.

दहा चाळीसला पाल्याखालचा दगड उडाला आणि मागे खाडकन वाजलं. फोंडूने ब्रेकवर पाय दिला. पेडल अर्ध्यापर्यंत खाली गेलं. त्याने पंप मारून गाडी उभी केली. मी खाली शिरलो. मागच्या डाव्या चाकाकडे जाणारा पाईप चेपून चिरला होता. ऑइल थेंब थेंब गळत होतं.

सेट बोलला. "काळी वन टू काळी टू. का थांबलात? ओव्हर."

"काळी टू. ब्रेक पाईप फुटला. ओव्हर."

"वेट. येतो."

साहेब चालत आले. वाकून पाहिलं. "गाडी वळव. परत जाऊ."

"साहेब, वाडी दोन किलोमीटरवर हाय," फोंडू म्हणाला.

"ब्रेक नाहीत, फोंडू."

"हवालदार पाईप मोडून बंद करतील. मागचं एक चाक सोडायचं, तीन चाकांवर जायचं. खिंडीतून आणलीच की त्यांनी."

इथे मला ती गोष्ट सांगायला हवी. मी ती प्रत्येक कँटीनमध्ये सांगितली आहे. सोळा हजार फुटांवरची खिंड, बर्फ, मागचा पाईप तुटलेला. मी पक्कडीने पाईप दुमडला, हातोडीने चेपला, आणि तीन चाकांच्या ब्रेकवर चाळीस किलोमीटरचा उतार उतरलो. गाडीत जनरल साहेबांचा फ्रीज होता. फ्रीजमधलं अंडंसुद्धा फुटलं नाही.

खरी हकिकत अशी. पाईप तुटला होता, मी दुमडला होता, तो टिकला होता. ठिकाण होतं छावणीच्या गेटपासून वर्कशॉपपर्यंतचा रस्ता. सपाट. आठशे मीटर. वेग माणसाच्या चालण्याएवढा. ब्रेक दोनदा दाबला, तोही एका कुत्र्यासाठी.

साहेबांनी मला विचारलं, "हवालदार, गंमत बाजूला ठेव. उतरेल?"

पुढे एकच वाईट उतार होता, तीनशे मीटरचा, थेट ओढ्यापर्यंत. फोंडू माझ्याकडे पाहत होता. खाली ढोल वाजत होता. आठशे मीटर, सपाट, एवढे तीन शब्द बोलायचे होते.

"उतरेल," मी म्हणालो.

पाईप दुमडला, चेपला, पुन्हा दुमडला. ऑइल भरलं, हवा काढली. पेडल वर आलं. साहेबांनी हुकूम दिला: जीप मागे थांबेल, बाकी सगळे पायी, म्हातारीत फक्त ड्रायव्हर आणि मेकॅनिक. मी शेजारी बसलो. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

अकरा अठराला उताराच्या माथ्यावर आलो. डावीकडे दरड, उजवीकडे खोल घळ. वाट सरळ खाली जाऊन ओढ्यापाशी वळते. त्या वळणावर माणसं उभी होती. बायका पुढे, एकीच्या हातात आरतीचं ताट. ती फोंडूची बायको, शेवंती. गाडी ओवाळायला आली होती.

"बघ," फोंडू म्हणाला. "सगळी आलीत."

लो रेंज, पहिला गियर, गुडघा गियरवर. पहिले शंभर मीटर म्हातारी शहाण्यासारखी उतरली. मग उजवं चाक खड्ड्यात पडलं, गाडी उसळली, फोंडूचा गुडघा सुटला आणि गियर निसटला.

त्याने दोन्ही पाय देऊन, उभं राहून ब्रेक दाबला. सपाट रस्त्यावर असा ब्रेक कुणी दाबत नाही. दुमडलेला पाईप तेवढ्याने उघडला. पेडल फळीला टेकलं. मी हँडब्रेक ओढला. जळका वास आला, गाडी थांबली नाही.

"काळी टू, वेग कमी कर. ओव्हर." सेटवर साहेब.

फोंडूने हॉर्न दाबला. खालच्या लोकांना तो आनंदाचा वाटला. त्यांनी हात वर केले.

"उतर," फोंडू म्हणाला.

"फोंडू..."

"हवालदार, उतर. मला तुझी बाजू पायजे."

मी उडी मारली.

त्याने स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं. दरडीत एक ऐनाचं झाड होतं, दोघांच्या कवेत न मावणारं. माझी बाजू आणि त्याची बाजू, दोन्ही त्याच्यात गेल्या. वळण तिथून तीस पावलांवर होतं.

मी पोचलो तेव्हा तो शुद्धीत होता. छाती स्टिअरिंगखाली होती. काढायला सहा माणसं आणि पहार लागली. वाडीतून बांबू आला, घोंगडी आली. जीपपर्यंत सगळी चढण होती. त्याला चौघांनी उचललं. पुढचा डावा खांदा माझा होता. निम्म्या चढावर त्याने विचारलं, "कुणाला लागलं न्हाई न्हवं?"

"कुणालाही नाही."

"तुला?"

"खरचटलंय."

"मग?" तो म्हणाला.

अकरा बावन्नला साहेबांनी त्याच्या मनगटावरचा हात काढला. टोपी उतरवली. चौघांनी बांबू खाली ठेवला नाही. तसेच वर गेलो.

पुढे महिनाभर मी सांगत होतो की मी गाडीतून फेकला गेलो. लोक मान हलवायचे. माझी ही एकच गोष्ट कुणी शंका न घेता ऐकली. मग एका सकाळी चालत वाडीवर गेलो. शेवंतीवहिनी अंगणात भात वाळवत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. खिंड नव्हती. सपाट रस्ता होता. आठशे मीटर. फिट मी लिहिलं होतं. आणि मी फेकला गेलो नाही, मी उडी मारली.

त्या भातावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सपाट रस्ता व्हता, हे आमच्यात समद्यांस्नी ठाऊक हाय."

"कसं?"

"त्येंनीच सांगितलं व्हतं. ती गाडी त्येच चालवत व्हते न्हवं? कुत्रं मधी आलं व्हतं म्हणले. तुमी इसरलासा."

मी विसरलो होतो. इतक्या वेळा खिंड सांगितली की स्टिअरिंगवर कोण होतं तेच त्यातून निघून गेलं होतं.

"मग ते मला का बोलले नाहीत?"

"त्येंला गाडी आणायची व्हती, भावजी. तुमी नको म्हणला असता तर साहेबानं परत फिरीवलं असतं. तुमी न्हाई म्हणनार न्हाईसा, ह्ये त्येंला म्हाईत व्हतं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बसा. च्या ठेवते."

मी बसलो. चहा प्यायलो.

अट गाडी पोचण्याची होती आणि म्हातारी पोचली नाही. तरी त्या उन्हाळ्यात वाडीने कुदळी काढल्या. अटीचा विषय कुणी काढला नाही. तो उतार त्यांनी दोन वळणं देऊन कमी केला, ऐनाचं झाड वाटेच्या बाहेर ठेवून. आता पावसाळ्याचे चार महिने सोडले तर जीप चौदाव्या घरापर्यंत जाते.

युनिटच्या स्मारकावर फोंडूचं नाव लागणार नाही. तो ड्युटीवर नव्हता, पेन्शनवर होता, आणि नियम बरोबर आहे. म्हणून इथे लिहितो, काही न वाढवता.

नायक फोंडू वेळीप, ड्रायव्हर. आपल्या वाडीच्या वाटेवर, गाडी चालवताना. ओढ्याच्या वळणावर त्या वेळी बायका, पुरुष, मुलं धरून एकोणीस माणसं उभी होती. एकोणीसही आज वाडीत आहेत.