तुळशीरामची निळी सफारी

जिनिंगमध्ये मी एकतीस वर्षं काढली. तिथं कापसाला हात न लावता नुसतं उभं राहिलं तरी संध्याकाळपर्यंत अंगभर रुई चिकटायची. किश्शांचंही तसंच आहे. आपण फक्त बसायचं, ते आपोआप चिकटतात. आमचे किस्से रफिकभाईच्या टेलरिंगच्या दुकानात चिकटले.

खामगावात क्रिकेट पाहायला चौकाचौकात गर्दी असते. भारताची फुटबॉल मॅच पाहणारे आम्ही चौघंच. लोक विचारतात, "हे म्हातारे काऊन जीव जाळून राह्यले?" विचारू दे! जिंकणाऱ्यांजवळ कप असतात. आमच्याजवळ किस्से आहेत, आणि ते ठेवायला कपाट लागत नाही.

चौघं कोण ते सांगून टाकतो. रफिकभाई टेलर, दुकान त्याचं, इस्त्रीच्या टेबलावरचा टीव्हीही त्याचाच. भास्कर गुरुजी, शाळेत कवायत शिकवायचे. रिटायर झाले तरी गळ्यातली शिट्टी रिटायर झाली नाही. तुळशीराम, शेगाव रोडला दोन एकरात वांगी-कांदे करतो. जवानीत आमच्या जिनिंगच्या टीमचा गोलकीपर होता. आणि चौथा मी, किसन. चौथी शिकलो. तोंड फटकळ आहे असं घरचे म्हणतात, बाहेरचे त्याहून वाईट म्हणतात.

*

खामगावातून जलंबला एक छोटी गाडी जाते. तिथं मेन लाईन लागते, मुंबई-नागपूरची. आमची गाडी जलंबला जाते आणि परत येते. आयुष्यभर तिचं तेवढंच काम.

एकदा मॅच चालू होती. आपली पोरं बॉल पास करत होती. मागून मधे, मधून मागे, परत मधे, परत मागे. सांगणारा टीव्हीवर म्हणत होता की भारताचा बॉलवर छान ताबा आहे. तुळशीराम बोटांवर पास मोजत होता. मग म्हणाला,

"याइचा बॉल जलंबपर्यंत जाते अन् परत येते. मेन लाईनले लागतच नाई!"

तेव्हापासून आमच्यात नुसतं "जलंब!" म्हटलं की पुरतं. गुरुजी तर त्यावर शिट्टीसुद्धा वाजवतात.

*

आता सफारीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

तुळशीराम गोलकीपर असताना आम्ही नागपूरला एक टूर्नामेंट खेळायला गेलो होतो. नऊ गोल खाल्ले त्यानं. नऊ! मी बॅकला होतो, तेव्हा चार-पाच माझ्याही नावावर धरा. परतताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं, "घरी कोनीबी जिंकते. दुसऱ्याच्या गावात जाऊन जिंकून दाखवा."

एक दिवस तो दुकानात निळं कापड घेऊन आला. टीमच्या जर्सीचा असतो तसा निळा.

"रफिक, सफारी शिव. आपली टीम बाहेरदेशात जाऊन जिंकली का घालीन."

"अन् नाई जिंकली तं?" मी विचारलं.

"तं मले मसनात नेतानी घाला."

रफिकभाईनं गळ्यातला टेप काढून परत गळ्यात टाकला. म्हणाला, "मैं माप घेतो जितणाऱ्या आदमीचं. दुसरं काम असंल तं दुसरा टेलर पाय."

"बरं बाप्पा, जिंकायचंच माप घे!"

सफारी शिवून झाली. चार खिसे, शिंगाची बटनं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून रफिकभाईनं ती टीव्हीच्या बाजूला खिळ्याला टांगली. तुळशीरामनं घरी न्यायला नकार दिला. मॅच सुरू झाली की आम्ही एकदा टीव्हीकडे पाहायचो आणि एकदा सफारीकडे.

*

रफिकभाई मॅच पाहतापाहता मशीन चालवतो. पाय थांबत नाही त्याचा. एका नवरदेवाची पॅन्ट त्यानं अशीच शिवली. पोरगा दोन दिवसांनी तणतणत आला.

"चाचा, हे काय? दोन्ही खिसे शिवून बंद केले! हात कुठं घालू?"

रफिकभाईनं पॅन्ट उलटी-सुलटी करून पाहिली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"गोल खाल्ला थ्या टायमाले झालं हे. मशीन चालू राह्यली, डोस्कं थांबलं."

"कोनं मारला गोल?"

"आपल्याच डिफेंडरनं."

 पोरानं पॅन्ट घडी करून काखेत मारली.

"राहू द्या चाचा. असंच घालतो."

*

आता माझ्यावरचा आळ. मी पनवती आहे, असं या तिघांचं म्हणणं! आधी मी हसण्यावारी नेलं. पण गुरुजी कवायतीचे मास्तर. त्यांना सगळं शिस्तीत लागतं. ते म्हणाले, "उगाच कोनाले बदनाम करू नये. तपासून पाहू."

पुढच्या मॅचला त्यांनी मला दारात उभं केलं. एक शिट्टी वाजली की मी आत. दोन वाजल्या की बाहेर. मी आत गेलो, समोरच्यांना कॉर्नर मिळाला. बाहेर आलो, आपला फॉरवर्ड पळत सुटला. आत गेलो, तो पडला. बाहेर आलो, फ्री किक मिळाली. शेजारचा पानवाला म्हणाला, "काय काका, या वयात शिक्षा झाली काय?"

मग आतून ओरडा आला, "गोल! गोल!"

आपल्या पोरांनी गोल मारला! मी शिट्टीची वाट न पाहता आत पळालो. "दाखव, दाखव, रिप्ले दाखवून राह्यले!" पडद्यावर अजून अर्धा रिप्ले झाला नव्हता, तेवढ्यात लाईनमनचा झेंडा वर दिसला. ऑफसाईड. गोल रद्द.

तिघंही टीव्ही सोडून माझ्याकडे पाहत होते.

"मी काय केलं बे?"

गुरुजींनी दोन शिट्ट्या मारल्या.

*

एकदा बाहेरदेशात आपण शून्य-शून्य केलं. वरच्या नंबरची टीम होती समोर. रफिकभाईला इतका आनंद झाला की त्यानं सफारी खिळ्यावरून काढली.

"घाल तुळशीराम! हारलो नाई, त्याइच्या घरी हारलो नाई!"

"ठेव वर."

"अरे यार, ड्रॉ बी लय झालं!"

गुरुजींनी मत दिलं की पॉइंट मिळाला म्हणजे अर्धं जिंकणं धरायला हरकत नाही. मी म्हटलं, "मंग अर्धी घालू दे. नुसता शर्ट."

तुळशीराम मात्र ऐकेना. म्हणाला, "परीक्षेले बसलो म्हनून पेढे वाटू काय? ठेव वर!"

सफारी परत खिळ्याला गेली. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्याचा राग आला होता. आणि त्याच्याबद्दल थोडं बरंही वाटलं होतं.

*

मागच्या वर्षी तुळशीरामच्या पोटाचं ऑपरेशन झालं, अकोल्याला. दीड महिना तो दुकानात आला नाही. त्या दीड महिन्यात टीम दोनदा हरली. आम्ही त्याला फोनवर सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

मग एक दिवस हळूहळू चालत आला. गाल आत गेलेले, सदरा खांद्यावरून घसरणारा. बसला आणि खिळ्याकडे पाहून म्हणाला,

"रफिक, सफारी कमी कर. मापात ठेव. आता थे दुसऱ्याच कामाले लागते, असं वाटते."

 गुरुजी शिट्टी हातात घेऊन नुसते फिरवत राहिले. मला अशा वेळी काय बोलावं ते कळत नाही, म्हणून जे तोंडात आलं ते बोललो.

"मरायचं असंल तं धोतरावर मर. सफारी जिंकायची हाये."

रफिकभाईनं सुई कापडाच्या गादीत खोचून ठेवली आणि म्हणाला, "मी सुई लावनार नाई. एक टाका बी कमी करनार नाई. कपडा बरोबर हाये, मानूस कमी झाला. मानसानं भरून यावं."

"अन् नाई भरून आलो तं?"

"तं टीमवानी होईन. लोक शिव्या देतीन, पन आम्ही पायतच राहू."

तुळशीराम हसला. हसताना पोटावर हात धरला, टाके दुखत असतील. त्या दिवसापासून वच्छलाबाई, म्हणजे त्याची बायको, त्याला रोज दोन भाकरी जास्त वाढते असं कळलं. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही. आम्ही चौघं दुकानात बसून काय करतो, हेही तिनं कधी विचारलं नाही.

*

आता शेवटचा.

मॅच बाहेरदेशात होती. देशाचं नाव लिहीत नाही, कारण आमच्यातल्या कोणालाच ते नीट म्हणता येत नाही. तिकडच्या हिशेबानं संध्याकाळ, इकडे दुपार टळलेली. मी दारातच बसलो होतो, पडद्याकडे पाठ करून. आतून फक्त आवाज येत होते. पहिल्या अर्ध्यात एक गोल खाल्ला.

"जलंब?" मी बाहेरून विचारलं.

"जलंबबी नाई," तुळशीराम आतून म्हणाला. "गाडी फलाटावरच उभी हाये."

तेवढ्यात त्याला वच्छलाबाईचा फोन आला. शेतातली लाईन, म्हणजे वीज, आली होती, मोटर सुरू केली होती. कांद्याला पाणी द्यायचं होतं. शेतातली लाईन काही मॅच पाहून येत नाही. तुळशीराम उठला.

गुरुजी मला म्हणाले, "किसन, तूबी जा याच्यासंगं."

"मी काऊन? मी तं बाहेरच हाओ!"

"बाहेर पुरत नाई. अजून दूर जा."

गेलो. दुसरं काय करणार! शेतात तुळशीराम फावडं घेऊन एकेका वाफ्यात पाणी वळवू लागला. मी मोटरच्या पेटीजवळ दगडावर बसलो. फोन दोघांनीही बंद केले होते. मी माझा पनवतीसाठी, त्यानं त्याचा कशासाठी ते मी विचारलं नाही. वांग्याला फुलं चांगली लागली होती. तो आता बऱ्यापैकी भरून आला होता, फावडं मारताना धाप लागत नव्हती. हे मी त्याला सांगितलं नाही. फुगला असता.

मग रस्त्यावरून शिट्टी ऐकू आली. एक नाही, दोन नाही, सारखी! रफिकभाईची मोपेड बांधाकडे वळली. मागं गुरुजी, गाल फुगवून शिट्टी मारतायत, आणि एका हातात सफारी उंच धरलेली. प्लास्टिकची पिशवी वाऱ्यानं फडफडत होती. दिवसाढवळ्या दुकान उघडं टाकून आला होता रफिकभाई! मोपेड पाडली त्यानं बांधावर. 

"किती?" तुळशीरामनं विचारलं.

"दोन-एक!" गुरुजी म्हणाले.

"आपले?"

"आपले!"

"कुठं?"

"अबे तिकडंच! त्याइच्या घरी!"

तुळशीराम फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.  नऊ गोल खाल्ल्यावर गाडीत बसला होता, तसाच गप्प. मग मोटरच्या पाण्याखाली गेला, हात धुतले, पाय धुतले, तोंड धुतलं, आणि तिथंच धोतर सोडून सफारी चढवली.

पॅन्ट अजून थोडी सैल होती. कांद्याच्या पोत्याची सुतळी त्यानं कमरेला बांधली. रफिकभाईनं सवयीनं खिशातून खडू काढला, तर तुळशीरामनं त्याचा हात धरला.

"निशान नको करू. पुढच्या खेपेपर्यंत भरून येतो."

रफिकभाईनं मग फोन काढला. दुसरा गोल दाखवायला. मीही पुढं झालो, इतकी वर्षं झाली, एक तरी धड गोल पाहीन म्हणून. तर सफारीवाल्यानं ओल्या हातानं माझे डोळेच झाकले!

"त्याले नको दाखवू बे! रद्द करतीन!"

"अबे, मॅच संपली!"

"तरीबी नको!"

तिघांनी मिळून मला वांग्याकडे तोंड करून उभं केलं. मागून त्यांचे "हाव! हाव! अरे वा रे पठ्ठ्या!" असे आवाज येत होते. मी वांगी पाहत होतो. तो गोल मी अजून पाहिला नाही.

एवढ्यात कांद्याचा वाफा भरून पाणी फुटलं. तुळशीराम फावडं घेऊन पळाला, सफारीसकट. निळ्या पॅन्टचे पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळले, चार खिशांचा शर्ट, शिंगाची बटनं, आणि हा गडी चिखलात उभा राहून पाणी वळवतोय.

वच्छलाबाई गोठ्याकडून चहाची किटली घेऊन आली. बांधावर थांबली. नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आडव्या पडलेल्या मोपेडकडे पाहिलं. शिट्टी मारून लाल झालेल्या गुरुजींकडे पाहिलं. वांग्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग किटली खाली ठेवली, पदरानं हात पुसले आणि म्हणाली,

"जिंकले वाटते!"