चारकोपच्या ऑफिसातलं अडकलेलं नेट

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कपड्यांची लेबलं डिझाइन करणारी एक कंपनी आहे. तिथले सगळे कॉम्प्युटर सपना खिल्लारे सांभाळते. वडील हिंगोलीहून मुंबईला आले, सपना दहिसरलाच वाढली. बोलायला फटकळ, कामाला चोख.

गेल्या वर्षी एका सकाळी मालक नंदकिशोर सर परदेशी गिऱ्हाइकाशी व्हिडिओवर बोलत होते. स्क्रीनवर गिऱ्हाईक उघड्या तोंडानिशी गोठलं.

"सपना, नेटची वाट लागली! मोठं कनेक्शन घेऊया का?"

सपनानं पाहिलं, तर प्रत्येक कॉम्प्युटर तोच अपडेट इंटरनेटवरून वेगवेगळा ओढत होता.

"नको सर. एकानं आणायचा, बाकीच्यांनी ऑफिसातल्या ऑफिसात त्याच्याकडून घ्यायचा. तशी सोय असते."

हिशेब बघणाऱ्या जयंतीताई दचकल्या. "म्हणजे माझ्या कॉम्प्युटरमध्ये सगळे डोकावणार? पगाराचे आकडे आहेत गं त्यात!"

"अहो ताई, शेजारीण तुमचं दूध आणते, म्हणून काय तुमचं कपाट उघडते?"

ताई हसल्या. सपनानं सगळीकडे ती सोय सुरू केली.

पुढच्या अपडेटला नेट पुन्हा अडकलं! जागेवरून उठताना कॉम्प्युटर बंद करायची ताईंना सवय होती. सपना सगळ्यांसमोर म्हणाली, "बंद केलात ना? मग बाकीचे अपडेट कुणाकडून घेणार? तुमच्यामुळेच झालं हे!"

ताईंनी तोंड फिरवून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. त्या दिवशी डबाही एकट्यानंच खाल्ला.

जेवणानंतर सपनानं नीट शोधलं. ऑफिसच्या वरच्या मजल्याचा राउटर वेगळा होता, त्यामुळे तिथल्या कॉम्प्युटरना खालचे दिसतच नव्हते आणि ते अपडेट पुन्हा इंटरनेटवरूनच ओढत होते. ते बघायचं तिचंच राहून गेलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. दोन्ही मजले एका नेटवर्कवर आणून ती सगळ्यांदेखत ताईंच्या टेबलाशी गेली.

"ताई, चूक माझी होती. उगाच खेकसले तुमच्यावर. सॉरी."

"खेकसलीस खरी," ताई म्हणाल्या. मग खुर्ची पुढे सरकवत, "चहा घेतेस?"

पुढचा अपडेट आला तेव्हा सरांची मीटिंग झकास चालू होती.

"कधी येणार गं तो अपडेट?" ताईंनी विचारलं.

"आला पण! सगळ्यांना पोचलासुद्धा."

ताईंना भारी कौतुक वाटलं. "मग रविवारी घरी ये. आमचे हे आणि लेक गार्गी रोज नेटवरून भांडतात."

"ते भांडण सेटिंगनं नाही हो मिटायचं, ताई."

"न मिटू दे. जेवायला ये."

सपना गेली. भांडण ऐकत पोटभर जेवली.