पासातेंपू आणि अण्णांची सोडत

पोर्तुगीज मी शिकले गोव्यात आणि तिच्यावर पोट भरलं उमरग्यात. आई गेल्यावर अण्णा एकटे पडले, म्हणून गोव्यातली नोकरी सोडून मी घरी आले आणि त्यांच्या कापडदुकानाच्या माळ्यावर लॅपटॉप मांडून पोर्तुगीजमधून इंग्रजीत भाषांतरं करू लागले. काम लिस्बनच्या एका एजन्सीकडून यायचं. तिथली एक बाई ते पाठवायची, तपासायची आणि चुका काढायची. एकदा एका माहितीपत्रकातली अख्खी ओळ माझ्याकडून गळली. तेव्हा तिने फोनवर अगदी शांतपणे सांगितलं, की असं पुन्हा झालं तर आपण थांबू. तिचा आवाज चढला असता तर मला इतकी भीती वाटली नसती. पुण्यातल्या एका मैत्रिणीने तिच्या ऑफिसात माझं नाव देऊन ठेवलं होतं. हे काम सुटलं की मला तिकडे जाणं भाग होतं आणि अण्णा पुन्हा एकटे, हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं. त्याबद्दल आम्ही बोलत नव्हतो एवढंच.

अशात एका बिस्किट कंपनीच्या बक्षीस योजनेची नियमावली आली. मथळ्यात शब्द होता ‘पासातेंपू’. मूळ अर्थ वेळ घालवणं, विरंगुळा. पण पोर्तुगालमध्ये दुकानदार, रेडिओवाले, कंपन्या, सगळेच आपल्या बक्षीस योजनेला हेच म्हणतात. त्याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर मी सकाळचा चहा गार केला. एक शब्द फार मोघम वाटला, दुसरा फार सरकारी. शेवटी मी ‘लकी ड्रॉ’ लिहिलं. आमच्या बाजारपेठेत दिवाळीला दुकानादुकानावर तेच फलक लागतात. पाकीट विकत घ्या, बक्षीस मिळवा, म्हणजे लकी ड्रॉच की. शब्द सापडल्याच्या आनंदात तो नियमावलीभर पेरला आणि फाइल पाठवून दिली. दुपारी बाईचं उत्तर आलं, काम ठीक आहे, तुमच्याकडच्या साडेचारला योजनेचं पान वेबसाइटवर लोकांसाठी खुलं होईल. चुका काढणाऱ्या बाईला चूक सापडली नाही, म्हणून मी हवेत.

हवेत असलेलं माणूस गप्प बसत नाही. चारच्या सुमाराला खाली जाऊन मी अण्णांना लकी ड्रॉ म्हणून सगळी योजना मराठीत सांगितली. बिस्किटाचा पुडा घ्यायचा, न्याहारीवर एक वाक्य लिहून पाठवायचं, तिघांना सहलीचं बक्षीस. अण्णा गज हातात घेऊन पॉपलीन मोजत होते. मोजणं न थांबवता त्यांनी विचारलं, “चिठ्ठी कोन उचलनार हाय?”

मी म्हटलं, चिठ्ठी नाही, कंपनीचे पंच बसून चांगली वाक्यं निवडणार.

अण्णांचा गज थांबला. “पंच बसनार म्हंजे ती परीक्षा झाली की. सोडत कुठं हाय त्यात?”

नियम मी स्वतः शब्द न् शब्द उतरवले होते. पंचांचा परिच्छेद माझ्याच हातचा होता आणि त्याच्या डोक्यावर मीच लकी ड्रॉ लिहिलं होतं. उमरग्याचा फलक मी उचलून लिस्बनच्या दारावर ठोकला होता.

अण्णांनी वीस वर्षं दुकानाची सोडत काढलेली. तेलाचा रिकामा डबा भर रस्त्यात स्टुलावर ठेवायचा, चिठ्ठ्या ओतायच्या आणि गर्दीतल्याच एखाद्या अनोळखी बाईला हात घालायला लावायचा, हा त्यांचा रिवाज. एका वर्षी ऐन वेळी पाऊस आला म्हणून त्यांनी शटर ओढून आत चिठ्ठी काढली. शिलाई मशीन निघालं ते नेमकं शेजारच्या दुकानदाराच्या सुनेला. त्यात लबाडी काडीची नव्हती, पण कोणी मानलं नाही. जुनी गिऱ्हाइकं समोरून जाताना दुसरीकडे बघायची. पुढच्या वर्षापासून अण्णांनी सोडतच बंद केली. हे सगळं मला माहीत होतं आणि तरीही मी ते लिहिलं होतं, याची मला लाज वाटली.

“सोडत म्हनून बोलवायचं आन् निकाल आत बसून लावायचा,” अण्णा म्हणाले, “लोक लई शिव्या देतेत, बाई.”

घड्याळात सव्वाचार झाले होते. चूक कोणाच्याच लक्षात आलेली नव्हती. बाईने पास केलेलं होतं, म्हणजे उद्या बोभाटा झालाच तर अर्धा दोष तिचा. मी गप्प बसले तर कदाचित काहीच होणार नव्हतं. कळवलं तर दुसरी चूक माझ्याच तोंडून कबूल होणार होती. मी काउंटरला धरून उभी राहिले आणि अण्णांना विचारलं, काय करू.

त्यांनी पॉपलीनची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा उलगडली.

“कळव,” ते म्हणाले. “त्यांनी धरायच्या आधी आपून सांगावं.”

“आणि काम गेलं तर?”

“जाईल.”

मी माळ्यावर धावले. इंटरनेट रोजच्यासारखंच रखडत होतं. लकी ड्रॉ काढून सगळीकडे ‘प्राइज कॉम्पिटिशन’ घातलं, वर चार ओळींत कबुली लिहिली. फाइल चढेपर्यंत मी पडद्यासमोर उभीच होते, बसवेना. चार अठ्ठावीसला ती गेली. बाईचं उत्तर लगेच आलं. दोनच ओळी: पान थांबवलं आहे. आभार. तिसरी ओळ नव्हती.

त्यानंतर कामही आलं नाही. पहिल्या आठवड्यात मी दिवसातून वीसदा मेल बघत होते. दुसऱ्या आठवड्यात अण्णांवर विनाकारण खेकसत होते. महिन्याने पुण्याच्या नोकरीला हो म्हटलं. अण्णांनी माझी बॅग उमरग्याच्या एसटी स्टँडवर स्वतः उचलून आणली, खिडकीतून शेंगदाण्याची पुडी दिली, आणि गाडी हलेपर्यंत कंडक्टरशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले.

एक गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही. त्या दुपारी ते नुसतं “ऱ्हाऊ दे” म्हणाले असते, तर मी आनंदाने गप्प बसले असते. विचारलंच मुळी त्यासाठी होतं. मला वाटतं, त्यांना ते कळलं होतं. आणि मी गेल्यावर स्वयंपाकघरात ताट एकच मांडायचं आहे, हेही.