वानखडे सरांची इनइक्वालिटी

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात गणिताचा बोर्ड दिवसातून सहा वेळा पुसला जायचा. वानखडे सरांचे किस्से मात्र कोणी पुसले नाहीत, साठतच गेले. मध्यप्रांत-वऱ्हाडचे दिवस होते. मी सरांच्या हाताखाली नवा लेक्चरर.

सरांचा विषय एकच. दोन संतत फलनं, म्हणजे कुठं न तुटणारी फंक्शन्स, घ्यायची, त्यांतून एक संख्या काढायची, आणि ती कुठल्या मर्यादेच्या वर जात नाही हे सिद्ध करायचं. अशा विधानाला गणितात इनइक्वालिटी म्हणतात.

* * *

सरांचे वडील बार्शीटाकळीला भाजीपाला पिकवायचे. एकदा भेटायला आले आणि म्हणाले, "बापू, दिवसभर काय करून रायला तू?"

सरांनी सगळं समजावलं. म्हणाले, "मर्यादा सापडली बाबा, पन अजून लहान करता येईल असं वाटते."

म्हातारा म्हणाला, "म्हंजे कुंपन घातलं, पन वावरापासून लई दूर."

सर आम्हाला म्हणाले, "माझा पेपर इतक्या थोडक्यात मला सांगता आला नसता."

* * *

अकोल्याला सरांचं व्याख्यान ठरलं. आयोजकांनी 'इनइक्वालिटी'चं मराठी करून बोर्ड लावला: 'विषमता'. हॉल गच्च भरला. सर गणितच बोलले, पण उठून कोणी गेलं नाही. शेवटी अध्यक्ष वकीलसाहेबांनी विचारलं, "विषमता मिटवायचा उपाय?"

सर शांतपणे म्हणाले, "मिटत नाही. किती वाढेल तेवढं सांगता येतं."

टाळ्या बराच वेळ चालल्या.

* * *

अखेर विलायतेच्या एका मासिकानं पेपर स्वीकारला. विभागात पेढे वाटले. सात महिन्यांनी, छापायच्या आधी, सरांना त्यात चूक सापडली. मी म्हटलं, "सर, तिकडं कोणाच्या लक्षात आलं नाही."

"मले आलं ना," म्हणाले, आणि पेपर परत मागवायचं पत्र स्वतः पोस्टात टाकून आले.

दुसऱ्या दिवसापासून एम.ए.च्या वर्गात सरांनी तीच सिद्धता शिकवायला घेतली. चुकीसकट. मी मागच्या बाकावर बसायचो, पण बोलायची मला मनाई होती. तीन दिवस पोरं मुकाट्यानं लिहून घेत होती. चौथ्या दिवशी कमल बोंडे उभी राहिली.

"सर, ही पायरी मले पटली नाई."

सरांनी खडू ठेवला. खाली येऊन तिच्या समोरच्या बाकावर बसले.

"हे समजायले मले सात महिने लागले. तुले चार दिवसांत कसं समजलं?"

कमल खाली बघत म्हणाली, "मी लिहून घेऊन नव्हती रायली, सर."