कापडणीस जंगलावर जगणार होता

काही ठिकाणी किस्से शोधावे लागतात, आमच्या टूलरूममध्ये ते आपोआप साचायचे. लेथखाली लोखंडाचा कीस साचतो तसे. सकाळी झाडून काढा, दुपारी पुन्हा ढीग! त्यातला निम्मा ढीग एकट्या कापडणीसचा.

आमची कंपनी नाशिकच्या सातपूरला होती. नव्वदचं दशक संपत आलं तशी मंदी आली आणि आठवड्यातले तीनच दिवस काम उरलं. बाकीचे चार दिवस आम्ही घरात मावत नव्हतो. मी स्कूटरचा प्लग इतक्या वेळा साफ केला की बायको म्हणाली, "त्याला तरी सुखानं जगू द्या!" कंपनी बंद होणार, हे सगळ्यांना कळत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं.

बोलला तो कापडणीस. मूळचा सटाण्याकडचा, मिलिंग मशीनवर त्याच्यासारखा हात नाही. एकदा कॅन्टीनमध्ये त्यानं टेबलावर ग्लास आपटला. "नोकरी गेली तर गेली! हजारो वर्षं माणूस जंगलावर जगला. आपण नाही जगणार?"

"हजारो वर्षं कॅन्टीन नव्हतं," समोरचा जोगळेकर म्हणाला. हा आमचा क्वालिटी इन्स्पेक्टर. खिशात कायम व्हर्नियर कॅलिपर. लग्नात अक्षताही मापून टाकेल असा माणूस.

पण घरात बसवत कुणालाच नव्हतं. म्हणून आम्ही तिघं दर रविवारी जंगलात जगायला जायला लागलो. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं परत!

*

पहिला रविवार अंजनेरीच्या पायथ्याशी. नियम एकच, काडेपेटी न्यायची नाही. लाकडावर लाकूड घासून विस्तव करायचा.

कापडणीसनं आठवडाभर खपून यंत्र बनवलं. दोरीच्या धनुष्यानं फिरवायची काठी. जोगळेकरनं ड्रॉइंग तपासलं. काठी हलू नये, डगमगू नये म्हणून वर-खाली दोन्ही टोकांना बेअरिंग बसवलं. काय फिनिशिंग होतं! पाहत राहावं.

दोन तास आम्ही आळीपाळीनं ती काठी फिरवली. घामाघूम झालो. काठी भन्नाट फिरत होती, आवाजसुद्धा नाही. धूर मात्र दिसेना.

शेवटी जोगळेकरनं खालच्या टोकाला बोट लावून बघितलं.

"गार आहे," तो समाधानानं म्हणाला. "घर्षण शून्य. डिझाइन उत्तम!"

त्या दिवशी आम्ही कच्ची रताळी खाल्ली. तीसुद्धा नाशिकच्या द्वारका चौकातल्या भाजीवाल्याकडून नेलेली.

*

मग पावसाळ्यात रानभाज्या. जोगळेकरनं वनस्पतींचं एक जाडजूड पुस्तक आणलं. इगतपुरीकडच्या एका ओढ्याकाठी तो उकिडवा बसला आणि एकेक पान पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून बघायला लागला. व्हर्नियर लावून!

"लांबी बसते. रुंदी अडीच मिलिमीटर जास्त. रिजेक्ट."

"अरे, ते पान आहे, पिस्टन नाही!" मी ओरडलो. पोटात कावळे कोकलत होते.

आमच्या शेजारीच एक म्हातारी तीच भाजी ओच्यात भरत होती. तिनं एकदा आमच्याकडे बघितलं आणि जरा लांब सरकली.

अखेर एक पान पास झालं. रानातलं आळू. तोवर बेअरिंगचा धडा घेऊन आम्ही काडेपेटी न्यायला लागलो होतो. कापडणीसनं आळू मिठात शिजवलं आणि तिघांनी घाईघाईनं भरपूर खाल्लं. पाच मिनिटांत घशात जणू सुया टोचायला लागल्या. जिभा सुजल्या. परतीच्या बसमध्ये कंडक्टरला 'नाशिक' हा शब्द सांगता येईना, बोटानं दिशा दाखवली.

कापडणीसच्या घरी सुलभावहिनींनी आमची तोंडं बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "चिंच नाही घातली?"

जोगळेकरला बोलता येत नव्हतं. त्यानं खिशातून पेन काढलं आणि पेपरच्या कडेला लिहिलं, 'पुस्तकात नव्हतं.'

*

खेकड्यांचं फार सांगत नाही. ओढ्यातल्या बिळात कापडणीसनं हात घातला आणि खेकड्यानंच त्याला धरलं. अंगठा! जिवाच्या आकांतानं तो घरच्या बोलीत ओरडायला लागला, "सोड माले! मरी गऊ रे भो!"

"मराठीत सांग," जोगळेकर काठावरून म्हणाला. "तो इकडचा आहे, त्याला अहिराणी कुठून येणार?"

चार तासांत तीन खेकडे मिळाले. जोगळेकर खात नाही, म्हणून दोघांत तीन. येताना मी पहिल्यांदा म्हणालो, "कापडणीस, यात पोट भरत नाही रे."

तो अंगठ्याला रुमाल गुंडाळून खिडकीबाहेर बघत राहिला. तेव्हा मला कळलं की आमची सहल असली तरी त्याची नव्हती. तो खरोखर हिशेब करत होता. मला त्याची भीती वाटली.

*

मग पुढच्या मे महिन्यात नोटीस लागली. स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले. पुढच्या शनिवारपर्यंत सही करणाऱ्यांनी जायचं, बाकीच्यांनी राहायचं, पण किती दिवस ते साहेबालाही माहीत नव्हतं.

अख्खी टूलरूम येरझाऱ्या घालत होती. कापडणीसनं मात्र जाहीर केलं, "रविवारी पेठच्या जंगलात जातो. एकटा. मीठ, सुरी आणि काडेपेटी. सहा दिवस टिकलो तर शनिवारी येऊन सही!"

त्याची थोरली मुलगी दहावीत गेली होती. वहिनींनी त्याच्या पिशवीत लाडू टाकले, त्यानं काढले. त्यांनी ते स्वेटरमध्ये गुंडाळले, मे महिन्यात स्वेटर कशाला म्हणून त्यानं तेही काढलं. मग त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बरं, एवढं करा. दहावीचे क्लास जंगलात कुठल्या झाडाखाली भरतात, ते तेवढं बघून या."

तो गेला. त्याला निरोप द्यायला आलेल्या माझ्याकडे त्या वळल्या. "भाऊजी, तुम्ही हसत हसत त्यांच्याबरोबर जात होतात. त्यांना ते खरं वाटलं."

 

*

गुरुवार उजाडेपर्यंत काही कळलं नव्हतं. सकाळीच मी वहिनींना स्कूटरवर घेतलं आणि पेठचा रस्ता धरला. सावळ घाट उतरल्यावर एका पाड्यावर चौकशी केली.

"तो पळून आलेला सायेब ना?" एकानं लगेच विचारलं. "जनाबाईच्या अंगणात हाय."

अंगणात कापडणीस बसला होता. दाढी वाढलेली, गाल बसलेले, पुढ्यात नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी. आम्हाला बघून त्याचा घास हातातच राहिला.

पहिल्या दिवशी त्यानं नुसती करवंदं खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी पोट धरून मोहाखाली पडलेला तो जनाबाईला सापडला. तेव्हापासून ती त्याला जेवू घालत होती. साठीची बाई, काटक. अंगणापलीकडे झोपडीच्या दारात तिचा मुलगा सोमा आडवा झाला होता. असेल पस्तिशीचा. द्राक्षांची कामं संपल्यावरही तो महिनाभर रोज नाशिकला पेठ नाक्यावर उभा राहायचा, कुणी कामाला न्यावं म्हणून. कुणी नेईना तसा परत आला होता.

जनाबाईनं वहिनींचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं, पण ऐकू आम्हा सगळ्यांना आलं. "बाई, भांडान कवढंबी होवो, मानसाला उपाशी घालवू नाय."

"भांडण नाही झालं हो आमचं!" वहिनींना रडू फुटलं.

"भांडान नाय? मंग ह्यो आलाच कशाला?"

कापडणीसनं हात धुतला. ताठ बसला. कॅन्टीनमध्ये बसायचा तसाच.

"मावशी, मी कंपनीतली नोकरी सोडतोय. शनिवारी सही करणार. मग इकडंच राहायचं, तुमच्यासारखं. जंगलावर."

"आमच्यासारखं?"

"हो."

जनाबाईनं त्याच्याकडे बघितलं. मग वहिनींकडे, मग माझ्याकडे. आमच्यातलं कुणी हसत नाही, याची खात्री करून घेतली. आणि झोपडीकडे वळून घाईघाईनं हाक मारली,

"सोमा, ऊठ! सदरा घाल. सायबाची जागा खाली व्हतीय!"