ब्रेकवरचा पाय

"अहो, दाबा की ब्रेक!" मी ओरडले.

"दाबतोय!" हे म्हणाले.

दोन्ही पाय देऊन दाबत होते. धायरीचा उतार, मागे मार्केट यार्डातून आणलेली बटाट्याची दोन पोती आणि पुढे शाळेच्या मुलांनी भरलेली रिक्षा. ह्यांनी हँडब्रेक ओढला. गाडी मंदावली, पण थांबेना. मग स्टीअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली. ह्यांचं कपाळ फुटलं, माझा पुढचा दात गेला, बटाटे मांडीवर आले. रिक्षा निघून गेली. तिला काही कळलंही नाही.

संध्याकाळी मुलगा कंपनीतून आला. तो कॉम्प्युटरवाला.

"आई, बाबांचा पाय गेलाय. गाडी विकून टाकू."

आदल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. उजवा पाय किंचित ओढायचा. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली होती, पण उतारावर माझ्याही मनात तेच आलं होतं, की पाय गेला. खोटं कशाला लिहू? ह्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि दोन दिवस जिन्याखाली उतरले नाहीत. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस, खुर्चीत बसून भिंत बघायला लागला.

मी चौथी शिकलेली. धायरीत नव्या इमारती झाल्या, कंपन्यांतली एकटी पोरं भाड्यानं राहायला आली, त्यांना मी रोज चाळीस डबे करून द्यायची. सामान आणायला हीच जुनी गाडी. त्याआधीचे दोन महिने ती सिग्नलला उभी राहिली की लटपटायची. गॅरेजवाल्यानं कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, शेवटी तीनदा स्क्रू फिरवून रेस वाढवली. "आता बंद पडणार नाही, काकू." बंद पडली नाही. लटपटायची मात्र तशीच.

पडलेल्या दाताची जागा ठणकत होती म्हणून पडल्या पडल्या विचार करत होते. सिग्नलला माझ्या मांडीवरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण वाजायचं. ह्यांनी ब्रेकवरून पाय काढला की वाजणं कमी व्हायचं, परत ठेवला की वाढायचं. इंजिनाचं दुखणं, मग ब्रेकचा त्याच्याशी काय संबंध? मला माहीत नव्हतं. पण झाकण वाजत होतं हे खरं.

रविवारी मुलाला म्हटलं, "खाली चल."

"आई, मला कॉल आहे."

"रविवारी? चल."

गाडीत बसवला. मी बॉनेट उघडलं. त्यानं इंजिन चालू केलं, लटपट सुरू.

"ब्रेक दाब."

लटपट वाढली आणि कुठूनतरी फुसफुस आली, रिंग गेलेल्या कुकरसारखी.

"सोड." कमी झाली. आठ-दहा वेळा करायला लावलं. दर वेळी तेच.

"आई, काय चाललंय हे?"

"तुझं वय काय?"

"एकतीस. का?"

"मग पूर्ण दाबून दाखव."

त्यानं दाबला. तोंड लाल झालं. "दगड आहे हा."

"तुझाही पाय गेला का रे?"



इंजिनाकडून एक जाड रबरी पाइप ब्रेकमागच्या गोल काळ्या डब्याकडे जात होता. फुसफुस त्या डब्याच्या बाजूची. घरातून सांडशी आणली, पाइपला फडकं गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी आवळला. लटपट थांबली. इंजिन एका सुरात चालायला लागलं.

"काय केलंस?"

"गळा दाबला."

गॅरेजवाला आला, डबा खोलला. आतला रबराचा पडदा फाटला होता. इंजिनाच्या ओढीवर हा डबा पायाचा जोर वाढवतो, असं त्यानं सांगितलं. पडदा फाटला की इंजिन तिथून नको ती हवा ओढतं आणि लटपटतं, आणि पायाला मदत मिळत नाही.

"मग तीनदा रेस वाढवलीत तेव्हा हे का नाही बघितलं?"

"काकू, तुमची तक्रार इंजिनाची होती. ब्रेकची नव्हती."

उत्तर बरोबर होतं. डबा बदलून घेतला आणि नंतर गॅरेज बदललं.

वर येऊन मी मुलाला म्हटलं, तुझ्या तोंडानं सांग. तो म्हणाला, "बाबा, पाय गेला नव्हता. गाडी बिघडली होती."

"मला माहीत होतं," हे म्हणाले.

मी भडकले. "मग तोंड शिवलं होतं का?"

"शेजारी बसलेलीलाच पटलं नाही. बाकीच्यांना काय सांगू?"

मी पोळ्या लाटायला गेले. माफी मागितली नाही, ती मला जमत नाही. पण दुसऱ्या दिवशी किल्ली ह्यांच्या हातात दिली आणि त्याच उतारावरून आम्ही खाली आलो. मी शेजारी बसले होते. काही बोलले नाही.

वाळूत घुसलो त्या दिवशी गाडीत आम्ही दोघं होतो, पुढे रिक्षात पोरं होती. सगळे जगलो. हे त्यानंतर नऊ वर्षं होते, त्यातली सात गाडी चालवत. मी अजून आहे.